फणसाचा भुसा आणि तांब्याचं पाणी

एक लिटर पाण्यात तीन मिलिग्रॅम तांबं असलं तर पाणी कसं दिसतं? नितळ. शाळेत मोरचूद पाहिलेला असतो, त्यामुळे तांब्याचं पाणी निळंच असणार असं आपल्या डोक्यात बसलेलं असतं. पण तो निळेपणा डोळ्यांना दिसायला तांबं भरपूर लागतं. तीन मिलिग्रॅम ही कारखान्याने नाल्या-ओढ्यात सोडायच्या पाण्याची आपल्याकडची सरकारी मर्यादा. तीस असलं तरी साध्या डोळ्यांना संशय यायचा नाही. शिसं याहून लबाड. त्याची मर्यादा ०.१ मिलिग्रॅम, आणि त्याच्या पाण्याला रंगच नाही.

बंगळूरच्या आमच्या कारखान्याच्या ईटीपीवर, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायच्या टाक्यांवर, दोड्डतोगूर गावचाच एक हेल्पर होता. रोज सकाळी तो काचेची बाटली उजेडाकडे धरून मला सांगायचा, "नीरु क्लीन इदे, मॅडम," म्हणजे पाणी स्वच्छ आहे. मी म्हणायचे, "दिसतंय रे." त्याचं बरोबर होतं आणि माझंही. पाणी स्वच्छ दिसत होतं, एवढंच आम्हा दोघांना ठाऊक होतं.

न दिसणाऱ्या धातूला दिसायला लावायचं, तेही उजेडाकडून, ही विद्या चांगली दीडशे वर्षं जुनी आहे. तिच्याशी माझी गाठ पडली ती इलेक्ट्रॉनिक सिटीत. मी मूळची कुडाळची. कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात रसायनशास्त्रात एम.एस्सी. केलं, १९९१ साली लग्न होऊन बंगळूरला आले, आणि सहा महिन्यांत सर्किट बोर्ड बनवणाऱ्या एका कारखान्याच्या प्लेटिंग लॅबमध्ये चिकटले. कारखान्याचं नाव सांगत नाही. आता तो तिथे नाहीही.

इलेक्ट्रॉनिक सिटी म्हटलं की आजच्या मुलांच्या डोळ्यांपुढे काचेच्या इमारती आणि गळ्यात ओळखपत्रं लटकवलेली माणसं येतात. ती मूळची तशी नव्हती. कर्नाटक सरकारच्या केऑनिक्स या महामंडळाने १९७८ साली कोनप्पन अग्रहार आणि दोड्डतोगूर या गावांची ३३२ एकर जमीन घेऊन ही वसाहत आखली. कल्पना केऑनिक्सचे पहिले अध्यक्ष आर. के. बाळिगा यांची. बंगळूर म्हणजे भारताची सिलिकॉन व्हॅली, असं ते म्हणायचे तेव्हा होसूर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नाचणीची शेतं होती, आणि लोक त्यांच्याकडे कसे पाहत असतील याची मला कल्पना करता येते. पुण्यात १९८१ साली सुरू झालेली इन्फोसिस १९८३ मध्ये बंगळूरला आली आणि १९९४ साली इथल्या आवारात शिरली. त्याआधीचं इलेक्ट्रॉनिक सिटी हातांचं होतं: डाग देणाऱ्या सोल्डरिंगच्या बायका, ड्रिल मशीनचा दिवसभराचा आवाज, आणि आमच्यासारख्यांच्या प्लेटिंगच्या टाक्या. सॉफ्टवेअरवाले आले आणि ही मंडळी हळूहळू बोम्मसंद्र, जिगणी, अत्तिबेलेकडे सरकली किंवा बंदच झाली.

आणि त्या इलेक्ट्रॉनिक सिटीत अतिनील दिवा घरच्या ट्यूबलाइटइतका सवयीचा होता. आमच्याकडे बोर्डावर फिल्म ठेवून नक्षी छापायची खोली पिवळ्या दिव्यांची. फिल्मवर टाकायचा उजेड मात्र अतिनील. शेजारच्या युनिटमध्ये ईप्रॉम चिपवरचा प्रोग्राम पुसायला तिची क्वार्ट्झ काचेची खिडकी वीसेक मिनिटं तसल्याच दिव्याखाली ठेवत. ज्या बोर्डांना दमट हवेपासून वाचवायला वार्निशचा हात द्यायचे, त्या वार्निशमध्ये चमकणारं द्रव्य मिसळलेलं असायचं. तपासणीच्या टेबलावर काळा पडदा ओढून दिवा लावला की बोर्ड निळसर पेटायचा, आणि वार्निश जिथे पोचलं नाही तेवढा ठिपका काळा राहायचा. तपासणाऱ्या मुली त्या काळ्या ठिपक्यांवर लाल बाण चिकटवत. प्रतिदीप्ती हा पुस्तकी शब्द तिथे कुणी उच्चारला नाही. "ग्लो आतिल्ला", म्हणजे चमकत नाही, एवढंच. मला मात्र तेव्हापासून एक खटकत होतं. वार्निश लागलं की नाही हे दिवा सांगतो, मग पाण्यात तांबं आहे की नाही हे का सांगू नये?

या प्रश्नाची सुरुवात कोयनेलपासून, म्हणजे क्विनीनपासून होते. १८४५ साली जॉन हर्शेल या इंग्रज शास्त्रज्ञाने क्विनीन सल्फेटचं रंगहीन द्रावण उन्हात धरलं आणि त्याच्या पृष्ठभागावर आकाशी निळा थर तरंगताना पाहिला. सात वर्षांनी केंब्रिजच्या जॉर्ज स्टोक्सने लोलकातून उन्हाचे रंग पाडले आणि क्विनीनची नळी तांबड्यापासून जांभळ्यापर्यंत सरकवत नेली. काही घडलं नाही. नळी जांभळ्याच्याही पुढे, डोळ्यांना अंधार दिसतो तिथे गेली आणि पेटली. न दिसणारा प्रकाश आत जातो आणि दिसणारा होऊन बाहेर येतो, हे असं कळलं. फ्लुओरस्पार नावाच्या खनिजावरून स्टोक्सने या चमकेला फ्लुओरेसन्स म्हटलं.

त्याने पुढे, १८६९ साली, आणखी एक गोष्ट नोंदवली, आणि माझ्या मते आमच्या धंद्याचं मर्म तेच. क्विनीन गंधकाम्लात झळकतं, पण मिठाच्या आम्लात मंद होतं. झळकत्या द्रावणात साधं मीठ टाकलं तरी विझतं. म्हणजे पाण्यात कोण मिसळलं आहे हे उजेडाने सांगितलं. घरी करून पाहण्यासारखा प्रयोग आहे. सुपरमार्केटमधलं टॉनिक वॉटर, नोटा तपासायचा छोटा दिवा आणि चिमूटभर मीठ. मी नातवाला करून दाखवला तेव्हा तो म्हणाला, "आजी, मिठाने लाइट गेली." त्याच क्विनीनच्या सांगाड्यावरून १९८०च्या दशकात पेशींमधलं क्लोराइड मोजायची रसायनं बनवली गेली.

बंगळूरात या उजेडाचं देऊळ म्हणावं अशी एक जागा आहे. सदाशिवनगरच्या रामन संशोधन संस्थेत सी. व्ही. रामन यांनी जमवलेल्या खनिजांचं संग्रहालय आहे, आणि त्यात एक अंधारी खोली. दिवा लावला की कपाटातले मळकट दगड नारिंगी, हिरवे, तांबडे होतात. पहिल्यांदा गेले तेव्हा मी तिथून हलेना. बरोबर आलेली नणंद कंटाळून बाहेर बाकावर जाऊन बसली. कॅल्साइटचा तो नारिंगी रंग त्यात अडकलेल्या थोड्याशा मँगनीजमुळे येतो. हिरवा बहुधा युरेनियमचा. आणि दगडात लोखंड जास्त असेल तर तो पेटतच नाही. लोखंड उजेड खातं. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

रामन यांच्या स्वतःच्या शोधाच्या वाटेतही हाच उजेड आडवा आला होता, हे मला तिथे जाऊन आल्यावर वाचताना कळलं. १९२३ साली त्यांचे सहकारी के. आर. रामनाथन यांना कलकत्त्यात द्रवांतून विखुरलेल्या प्रकाशात एक भलताच अंधुक भाग दिसला. द्रव अशुद्ध असणार, त्यातली घाण चमकत असणार, असा समज झाला. द्रव पुन्हा पुन्हा ऊर्ध्वपातित केला, तरी तो जाईना. पाच वर्षांनी, २८ फेब्रुवारी १९२८ला, तो उजेड घाणीचा नव्हे हे ठरलं. त्यांच्या बाबतीत घाण नव्हती. आमच्या धंद्यात घाणच शोधायची असते.

धातूसाठी हा उजेड पहिल्यांदा मुद्दाम वापरला तो १८६७ साली, स्वित्झर्लंडमध्ये बाझलच्या फ्रीडरिख गोपेल्सरोडरने. मोरिन नावाचं पिवळं द्रव्य ॲल्युमिनियमच्या संगतीत हिरवं झळकतं हे त्याने दाखवलं आणि त्यावरून ॲल्युमिनियम ओळखायची रीत बसवली. मोरिन हे लाकडातून काढलेलं रंगाऱ्यांचं द्रव्य. कॉलेजात हे एका ओळीत शिकलो आणि विसरलो. खूप वर्षांनी वाचनात आलं की १८९५ साली पर्किन आणि कोप या दोघांनी हेच मोरिन फणसाच्या लाकडातून वेगळं केलं होतं. फणसाच्या!

कोकणात वाढलेल्या माणसाला फणसाचं लाकूड काय ते सांगायला नको. करवतीखाली पिवळंधमक, काही वर्षांत मधासारखं, आणि आजीच्या वयाचं झालं की काळपट तांबूस. आमच्या देवघराचे पाट फणसाचे, माजघराची तुळई फणसाची. पण त्या पिवळ्याकडे मी कधी रसायन म्हणून पाहिलंच नव्हतं. दादाला फोन केला की गिरणीतून फणसाचा मूठभर भुसा पाठव. तो म्हणाला, "तुका भुसो कित्याक व्हयो? बंगळूरात फणस गावनत नाय काय?" आठवड्याने बसच्या पार्सलने दोन किलो भुसा आला, वर वहिनीने कोकमं टाकलेली.

आमच्या धंद्यात बोर्ड पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल लागतं. सगळी इलेक्ट्रॉनिक सिटी त्याला आयपीए म्हणते. दोन चमचे भुसा आयपीएत रात्रभर ठेवला. सकाळी वरचा द्रव हळदीच्या पाण्यासारखा. नीलाद्री रोडवरच्या आमच्या फ्लॅटच्या बाथरूममध्ये दार लावून दिवा लावला. जेमतेम काही. मग दाढीच्या तुरटीचं पाणी ड्रॉपरने एक थेंब सोडलं. थेंब जिथे पडला तिथून हिरवा धूर निघाल्यासारखा उजेड खाली उतरत गेला, आणि पेला हलवला तसा सगळा पेला पोपटी झाला. तुरटीत ॲल्युमिनियम. मोरिनच्या रेणूला ऑक्सिजनचे दोन हात शेजारी शेजारी आहेत. त्यांनी ॲल्युमिनियमला धरलं की सैल रेणू ताठ होतो, आणि खाल्लेला उजेड थरथरण्यात वाया न घालवता परत टाकतो. दुसऱ्या पेल्यात मी हिराकस, म्हणजे लोखंडाचं मीठ, टाकून पाहिलं. पाणी काळपट हिरवट झालं. उजेड नाही.

तिथे बादलीवर बसल्या बसल्या माझ्या ध्यानात आलं, की ही विद्या मुळात प्रयोगशाळेची नव्हेच, रंगाऱ्यांची आहे. बारतोंडीच्या मुळ्या असोत की मंजिष्ठा, कापडाला आधी तुरटी लावल्याशिवाय रंग धरत नाही. आणि तुरटीने खुलणारा रंग हिराकसाने मावळतो, काळवंडतो, हे रंगारी शेकडो वर्षं हातांनी जाणत होते. ब्रह्मदेशापासून श्रीलंकेपर्यंत बौद्ध भिक्षूंची चीवरं फणसाच्या लाकडाच्या काढ्यात रंगत. रंगद्रव्याचा रेणू धातूला पकडतो आणि त्याचं रूप बदलतं: रंगाऱ्याला ते रूप हवं होतं, आम्हाला ती बातमी. नाहीतर फरक काय!

विसाव्या शतकात या बातमीदारांची शिस्तशीर फौज उभी राहिली, आणि तिच्यातला सर्वांत हुशार शिपाई धातू पकडणाऱ्या जुन्याच घराण्यातून आला. त्या घराण्याचं नाव ईडीटीए. फ्लॅटमध्ये टँकरचं पाणी आलं की सोसायटीचा प्लंबर पाण्याचा जडपणा तपासतो, द्राक्षाच्या दारूसारखा लाल रंग निळा होईपर्यंत थेंब मोजतो, ते थेंब ईडीटीएचे. हा रेणू खेकड्यासारखा आहे, सहा नांग्यांनी धातूला कवटाळतो. त्याची बहीण ईजीटीए, तिला मॅग्नेशियमपेक्षा कॅल्शियम फार प्रिय. १९८० साली रॉजर त्सिएन या तरुणाने त्या बहिणीच्या नांग्यांत बेंझिनची वलयं बसवली, बॅप्टा बनवलं, आणि त्याच पंजाला चमकणारं द्रव्य जोडत जोडत १९८५ साली सहकाऱ्यांबरोबर फ्युरा-२ आणलं. जिवंत पेशीत कॅल्शियम किती आणि कधी वाढतं, हे जगाने पहिल्यांदा नीट पाहिलं ते या रसायनांनी. आत मॅग्नेशियम हजारो पटींनी जास्त असताना फक्त कॅल्शियमला ओळखायचं, म्हणजे दादरच्या गर्दीतून आपला माणूस हेरण्यासारखं. त्सिएनला नोबेल मिळालं ते २००८ साली, हिरव्या चमकत्या प्रथिनासाठी; मला विचाराल तर कॅल्शियमसाठीच द्यायला हवं होतं.

दुसरा मोठा माणूस श्रीलंकेहून बेलफास्टला गेलेला: ए. पी. डी सिल्वा. त्यांची रचना मला प्लेटिंगच्या हेल्परलाही समजावता आली असती इतकी सरळ आहे. एका टोकाला चमकणारं द्रव्य, दुसऱ्या टोकाला धातू धरणारा पंजा, मध्ये छोटा दुवा. द्रव्याने उजेड खाल्ला की त्याचा एक इलेक्ट्रॉन वरच्या माळ्यावर चढतो आणि खाली जागा रिकामी होते. पंज्यातल्या नायट्रोजनकडे एक मोकळी जोडी असते. तिच्यातला एक टुणकन उडी मारून त्या रिकाम्या जागेत बसतो. वरच्याला खाली यायची वाट बंद, म्हणून अंधार. पण पंज्यात धातू आला की ती जोडी त्याला धरण्यात गुंतते, उडी पडत नाही, आणि दिवा लागतो. १९९३ साली त्यांनी 'नेचर'मध्ये असा रेणू मांडला की आम्लाचा प्रोटॉन आणि सोडियम दोन्ही आले तरच उजेड; एकटादुकटा आला तर नाही. ज्याला आमच्या सिटीतले अभियंते अँड गेट म्हणतात ते एका रेणूत! त्याच तत्त्वावरचे सोडियम-पोटॅशियमचे संवेदक पुढे रक्त तपासायच्या छोट्या यंत्रांतून रुग्णालयांत पोचले.

आपल्याकडेही काम कमी झालं नाही. मुंबईच्या आयआयटीत सी. पी. राव यांच्या गटाने कॅलिक्सअरीनच्या वाडग्यासारख्या रेणूंना पंजे बसवून धातू हेरले. मी शिकले त्या कोल्हापूरच्या रसायन विभागात फ्लुओरेसन्स स्पेक्ट्रोस्कोपीची स्वतंत्र प्रयोगशाळा आहे. आणि बंगळूरात टाटांच्या विज्ञान संस्थेपासून जक्कूरच्या जवाहरलाल नेहरू केंद्रापर्यंत हा विषय चालतो. पण खरं बोलायचं तर गेल्या तीसेक वर्षांत या विषयावर शोधनिबंधांचा डोंगर झाला आहे, आणि बरेचसे एका साच्यातले. बारा-पंधरा धातूंचा खांबांचा आलेख, एक खांब उंच, बाकी बुटके. खाली टीप, की द्रावण ॲसिटोनायट्राइलचं. कोणत्या गावच्या नळाला ॲसिटोनायट्राइल येतं? शिवाय 'तांबं आलं की उजेड विझतो' असले निबंध मी बाजूला ठेवते. तांबं आणि लोखंड कुणाचाही उजेड विझवतात, पाणी नुसतं गढूळ असलं तरी विझतो. विझण्यात बातमी कमी, पेटण्यात जास्त.

पेटणारा एक मला मिळाला होता. त्याची गोष्ट सांगते, कारण तिथेच माझी फजिती झाली.

२००३च्या आसपास आम्ही पाण्याचे नमुने बाहेरच्या प्रयोगशाळेत पाठवत होतो. तिथे ॲटॉमिक ॲबसॉर्प्शनचं यंत्र; ज्योतीत पाणी फवारायचं आणि अणूंनी किती उजेड गिळला ते मोजायचं, ऑस्ट्रेलियाच्या ॲलन वॉल्शची १९५५ची रीत. रिपोर्ट यायला पाच दिवस. तोवर टाकीतलं पाणी नाल्यातून कुठे पोचलेलं असायचं देव जाणे. म्हणून शनिवारी बस बदलत बदलत मी विज्ञान संस्थेच्या जे. आर. डी. टाटा ग्रंथालयात जायचे, आणि तिथे झार्निक आणि त्याच्या सहकाऱ्यांचा १९९७चा निबंध सापडला: तांब्यासाठी ऱ्होडामाइन-बी हायड्रॅझाइड, तेही पाण्यात चालणारं.

ऱ्होडामाइन-बी म्हणजे तो भडक गुलाबी रंग. ११ मार्च २०२४ला कर्नाटक सरकारने गोबी मंचुरी आणि बुड्ढी के बाल यांत कृत्रिम रंग घालायला बंदी केली, तेव्हा तपासणीत जे रंग सापडले त्यांत हा होता. इलेक्ट्रॉनिक सिटीच्या फाटकाबाहेर संध्याकाळी गोबीच्या गाड्यांवर आमच्या काळात तो बिनधास्त चालायचा. गाडीवरचा लाल आणि माझ्या परीक्षानळीतला गुलाबी, भाऊभाऊ.

धूर ओढून घेणाऱ्या कपाटात मी ऱ्होडामाइन अल्कोहोलमध्ये विरघळवलं, हायड्रॅझीन घातलं, मंद उकळत ठेवलं. हायड्रॅझीन विषारी, त्यामुळे दुपारचा डबासुद्धा त्या दिवशी उघडला नाही. गडद जांभळट गुलाबी पाणी हळूहळू उतरत गेलं, दोन तासांत फिकट नारिंगी. रंग मेला नव्हता, रेणूने कडी लावून घेतली होती. कडी बंद असली की तो रंगहीन, दिव्याखालीही काळा. तांब्याने ती कडी उघडली की पुन्हा गुलाबी आणि पुन्हा झळाळ. दुसऱ्या दिवशी मोरचुदाचा पातळ थेंब टाकला. दोन-तीन मिनिटं काही नाही. मग नळीत लाजल्यासारखा गुलाबी आला, आणि दिव्याखाली केशरी पेटला. हेल्परला बोलावलं. तो म्हणाला, "गोबी!" आम्ही दोघं हसलो.

मग त्यालाच इलेक्ट्रोलेस कॉपरच्या टाकीनंतरचं धुण्याचं पाणी आणायला सांगितलं. थेंब टाकले. पाच मिनिटं, दहा मिनिटं. काळं. मी वहीत ऐटीत लिहिलं: तांबं नाही. त्या दिवशी पाणी पुढे सोडलं.

पाच दिवसांनी बाहेरचा रिपोर्ट आला. तांबं मर्यादेच्या चौपट.

मला कळायला रात्र गेली. बोर्डाला पाडलेल्या छिद्राच्या आतल्या भिंतीवर विजेशिवाय तांबं चढवायचं तर त्या टाकीत तांबं विरघळलेलं ठेवायला काहीतरी लागतं. आमच्या टाकीत ते काहीतरी म्हणजे ईडीटीए. माझं तांबं पाण्यात होतं, पण खेकड्याच्या नांग्यांत. माझ्या ऱ्होडामाइनला फक्त मोकळं तांबं दिसतं. ज्योतीत खेकडाही जळतो आणि तांबंही सुटतं, म्हणून यंत्राला सगळं दिसलं. आणि आमच्या ईटीपीत चुन्याने तांबं खाली का बसत नव्हतं, गाळ का कमी येत होता, याचंही उत्तर तेच. म्हणजे माझ्या संवेदकाने खोटं सांगितलं नव्हतं. मी प्रश्न चुकीचा विचारला होता. ज्या घराण्याच्या पंजाने त्सिएनला पेशीच्या आतलं दाखवलं, त्याच पंजाने माझ्यापासून टाकीतलं लपवलं.

उपाय आमच्या धंद्यात जुनाच निघाला: पाणी आम्लात आणायचं, हिराकस टाकायचं, मग चुना. लोखंड तांब्याला ईडीटीएच्या मिठीतून सोडवतं आणि स्वतः आत जाऊन बसतं; सुटलेलं तांबं चुन्याबरोबर तळाला. पुढच्या सोमवारी हिराकसाच्या हिरवट पोत्यांनी भरलेला टेम्पो आला. रंगारी ज्याने रंग काळवंडवायचे, तेच आता आमची टाकी उजळायला. गाळ इतका यायला लागला की हेल्पर रागावला. पाणी सोडण्याआधी दोन नळ्या लावायच्या, एक तशीच आणि एक हिराकस-चुना करून गाळलेली, असा नियम मी केला. दोन्ही काळ्या राहिल्या तरी रिपोर्ट येईपर्यंत टाकी अडवून धरायची. मालकांना टाकी अडवणं आवडलं नाही, पण चाललं काही वर्षं.

शिशाच्या गोष्टी याच्या अलीकडे-पलीकडे घडत होत्या. १९९९ साली बंगळूरात शिशाच्या विषबाधेवर आंतरराष्ट्रीय परिषद भरली, जॉर्ज फाउंडेशनने भरवलेली. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिशाचं पेट्रोल बंद झालं. आमच्यासाठी शिसं म्हणजे सोल्डर: ६३ भाग कथील, ३७ भाग शिसं, १८३ अंशांना वितळणारं, हाताळायला लोण्यासारखं. १ जुलै २००६ला युरोपने ते बहुतेक यंत्रांत बंद केलं, तेव्हा निर्यातीच्या बोर्डांना बिनशिशाचं सोल्डर आलं. ते ३०-३५ अंश जास्त उष्णता मागायचं, आणि सांधा मळकट दिसायचा. सोल्डरिंगच्या बायका म्हणायच्या, हे काही मुरत नाही. पाण्याचं म्हणाल तर इथून होसूरकडे निघालं की लागणाऱ्या चंदापूर तलावासाठी २०२२ साली राष्ट्रीय हरित लवादाने कर्नाटक सरकारला ५०० कोटी भरायला सांगितलं. कुणाची टाकी किती जबाबदार, ते मला सांगता येणार नाही. मी माझ्या टाकीचं सांगितलं.

आता मी निवृत्त आहे. पिवळ्या मार्गिकेची मेट्रो ऑगस्ट २०२५ पासून धावते; कोनप्पन अग्रहारच्या स्टेशनाच्या नावाआधी इन्फोसिस फाउंडेशन लागलं आहे आणि हेब्बगोडीच्या आधी बायोकॉन. गेल्या हिवाळ्यात मुलगी नेदरलँड्सहून आली, येताना माझ्यासाठी एक फवाऱ्याची बाटली आणि टॉर्च घेऊन आली. ॲमस्टरडॅमच्या आमोल्फ संस्थेत शोधलेली युक्ती: आयपीएत विरघळवलेलं एक ब्रोमाइड फवारायचं, शिसं असेल तर त्याच्याशी जुळून पेरोव्स्काइट नावाचे स्फटिक जागच्या जागी तयार होतात आणि टॉर्चखाली हिरवे पेटतात. चौरस मिलिमीटरवर एक नॅनोग्रॅम शिसं असलं तरी पुरे. इथे धातूला कुणी पंज्यात धरत नाही. धातूच दिव्याचा भाग होतो. बाटलीचं झाकण उघडलं आणि आयपीएचा वास आला, तशी मला एकदम पडद्यामागची ती तपासणीची खोली आठवली.

माळ्यावर माझ्या टेबलावरचा जुना बोर्ड होता, १९९४चा, नापास झालेला, आठवण म्हणून घरी आणलेला. तो न्याहाळत, बोटांनी आणि फडक्याने धूळ पुसत डायनिंग टेबलावर मांडला, खाली वर्तमानपत्र. मुलीने दिवे घालवले. फवारा मारला. सगळे सांधे एकदम लागले नाहीत. आधी कडेचे, मग चिपच्या पायांच्या दोन रांगा, एकेक करत, दिवाळीच्या पणत्या लावत जावं तसे. "आई, कसलं भारी!" मुलगी म्हणाली. मी टॉर्च हलवला तर वर्तमानपत्रावरही एक हिरवी रेघ होती, बोर्ड सरकवला होता तिथे. बोर्ड पुसलेल्या फडक्यावर ठिपके. मग तिने माझा हात धरून त्यावर फवारा मारला आणि टॉर्च माझ्याच बोटांवर वळवला.

तर्जनीच्या टोकाला हिरवं होतं. मी मोरीत जाऊन साबणाने हात धुतले, परत येऊन दिव्याखाली धरले, आणि परत धुवायला गेले.